एकोणचाळीस नंबरचा प्रोसेसर

४ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

भाचेबुवा,

आशीर्वाद वगैरे काही नाहीत. संपले.

आज सकाळी माळ्यावरून जुनं मशीन खाली काढलं. भंगारात द्यायचं म्हणून. उचलताना कूलरची प्लास्टिकची क्लिप तुटली आणि कूलर माझ्या हातात आला. तीन वर्षांत पहिल्यांदा प्रोसेसरचं डोकं उघडं पडलं. वरची, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाळून खपली झाली होती. सवयीने चिंधी फिरवली आणि कोरलेला नंबर वाचला. मग आत जाऊन वही आणली. मग चष्मा आणला. मग पुन्हा वाचला.

हा माझा प्रोसेसर नाही. मॉडेल तेच, कंपनी तीच, मशीनमध्ये लावला तर पडद्यावर नावही तेच येईल. नंबर मात्र दुसराच.

वहीत एकूण एक्केचाळीस प्रोसेसर आहेत. तुला वेगळं काय सांगायचं, तूच शेजारी बसून लिहून घ्यायचास. कचेऱ्यांनी मोडीत काढलेली मशिनं आणायची, त्यातला एकेक प्रोसेसर आपल्या बोर्डवर बसवायचा, आणि कंपनीने आखून दिलेल्या वेगाच्या पुढे कुठवर पळतो ते बघायचं. महागडा माल घ्यायची ऐपत नसलेल्याने ओव्हरक्लॉकिंग करायचं तर असंच. पैसे नाहीत ना, मग वेळ घाल. मी दोन वर्षांचे रविवार घातले. चाळीस जणांनी मान टाकली. एकोणचाळिसावा मात्र पळत राहिला. तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तू हसला होतास.

मग माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. सहा दिवस मी दवाखान्यात. घरात तू एकटा, आणि महिनाअखेरीस तू माझ्याकडचा मुक्काम हलवणार होतास. मी प्लास्टर घेऊन परत आले, मशीन लावलं, तर ते वेगाच्या दुसऱ्याच पायरीला बंद. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. काय म्हणालास ते शब्दन् शब्द पाठ आहे मला. "मावशी, जाण्याआधी तू जास्त व्होल्टेज देऊन ठेवलं होतंस. भाजला तो. जाऊ दे. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही तुझा."

मी विश्वास ठेवला रे. शीतगृहात एकोणीस वर्षं कॉम्प्रेसरवर काम केलेली बाई मी, नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखायची. मी आपणहून साहेबांकडे गेले आणि टेबलावर बदली मागितली. आज तीन वर्षं मी गाड्यांच्या पावत्यांवर शिक्के मारतेय. स्क्रू पिळायची वेळ आली की शेजारच्यांना हाक मारते.

कूलर काढून नंबर का नाही पाहिलास, असं कुणीही विचारेल. कारण बसलेली पेस्ट उचकटायची नाही, हा माझ्या घरचा नियम. एकदा नीट बसली की वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. तो नियम मीच तुला शिकवला आणि त्याच नियमाआड तू लपलास. केसाने गळा कापलास माझा.

ताईला फोन लावला होता. दोन रिंगा झाल्या आणि ठेवला. काय सांगणार? तुझ्या मुलाने चोरी केली, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे चोरीला न गेलेली वस्तू आहे?

हे पत्र टाकणार नाही. तुला आत्ताच कळून चालणार नाही.

मावशी


११ जानेवारी
(टाकलं.)

चि. वेगसम्राट यास,

नाव तूच घेतलंयस, मी आपली वापरतेय. तुझे व्हिडिओ पाहिले. बरेच पाहिले. "कमी बजेटमध्ये जास्त वेग" हा तर दोनदा पाहिला. छान बोलतोस. मध्येच ते "माझी मावशी अजून फ्रिज दुरुस्त केल्यासारखे कॉम्प्युटर दुरुस्त करते" म्हणालास तिथे लोकांनी हसण्याची चित्रं टाकलीत. सव्वीस मोजली.

असू दे. कळवायचं कारण एवढंच की यंदाच्या ओव्हरक्लॉकिंगच्या स्पर्धेत स्वस्त गटात मीही अर्ज भरलाय. दोन वर्षं तू पहिला येतोयस, तुझ्यासमोर कुणीतरी घरचं माणूस हवं.

मशीन कसं जुळवलं ते सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आधी पॉवर सप्लाय घेतला, नवा आणि चांगला, कारण तिथे काटकसर करणारा माणूस पुढे सगळं जाळून बसतो. तू व्हिडिओत तो शेवटी घ्यायला सांगतोस, उरलेल्या पैशांत. धन्य आहेस. मदरबोर्ड जुनाच, पण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे असलेला. तुझ्या बोर्डवर रंगीत दिवे आहेत. दिव्यांनी वेग वाढत असता तर लग्नाचा मांडव पहिला आला असता. रॅमच्या दोन पट्ट्या, एकाच घाण्यातल्या. कूलर साधा, त्यावर मोडक्या झेरॉक्स मशीनमधले दोन पंखे. पेटी घेतलीच नाही. जुन्या रॅकच्या पट्ट्या कापून उघडी चौकट केली.

आणि प्रोसेसर? तोच आपला. तू भाजलाय म्हणालेलास तो. फेकवत नाही रे, जीव जडलाय.

ताईला नमस्कार सांग.

तुझी मावशी


२ फेब्रुवारी
(टाकलं नाही.)

तुझा निरोप आला. "मावशी, या वयात दगदग कशाला? प्रेक्षकांत बस, मी तुला पुढची खुर्ची देतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण उत्तर दिलं नाही. त्याऐवजी स्पर्धेचं नियमांचं पुस्तक उघडलं.

नियम अकरा वाचलायस कधी? नसशील. कुणीच वाचत नाही. स्वस्त गटात कुणी गुपचूप महागडा भाग घुसवू नये म्हणून जुन्या लोकांनी करून ठेवलेला नियम आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक पहिल्या क्रमांकाच्या मशीनवर मागणी टाकू शकतो. गटात मशीनच्या किमतीची जी कमाल रक्कम ठरलेली आहे, तेवढी तिथल्या तिथे मोजायची आणि मशीन उचलायचं. जसं आहे तसं, आतल्या सगळ्यासकट. पहिला आलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणाला तर बाद.

आठ वर्षांत कुणी मागणी टाकलेली नाही. विजेत्याचा अपमान समजतात म्हणे. मुख्य पंचांना, म्हणजे आपल्या रेडिओवाल्या काकांना, मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "नियम आहे बाई, पण असं कुणी करत नाही." मी म्हटलं, मला फक्त आहे की नाही एवढंच विचारायचं होतं.

म्हणजे तुला हरवायची गरजच नाही मला. तू जिंकायला हवास. माझा एकोणचाळिसावा घेऊन जिंकायला हवास. मला फक्त दुसरं किंवा तिसरं यायचंय. पण ते यायचंय तू माझ्या गळ्यात मारलेल्या या तोतयाला घेऊन. आणि या हाताने.

तीच तर भीती आहे.


९ फेब्रुवारी
(टाकलं.)

चि. भाच्यास,

खुर्चीबद्दल आभार. पण मला उभं राहूनच काम करायची सवय.

एक गंमत सांगते. ज्याला तू भाजलेला म्हणालास ना, तो पाचवी पायरी चढला. पाचवी! गेल्या वर्षी तू जिंकलास तो आकडा आता फक्त दोन पायऱ्या लांब. मला वाटतं तेव्हा तुझं निदान चुकलं. होतं असं, लहान होतास.

ऐकलं की यंदा तू नव्या कुठल्यातरी प्रोसेसरवर उतरणार आहेस, कुणी दुकानदार तुला फुकट देतोय म्हणून. उतर बापडा. फक्त फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मावशीच्या मागे राहिलास तर व्हिडिओत काय सांगशील, ते आधी लिहून ठेव. सव्वीस जण वाट बघताहेत.

तुझी मावशी


१ मार्च
(टाकलं नाही.)

मागच्या पत्रात खोटं बोलले होते. पाचवी नाही. मशीन चौथ्या पायरीला गोठतंय. सगळे रविवार गेले, सकाळी कामावर जायच्या आधीचा तास गेला, आणि चौथीच्या पुढे पाऊल नाही.

आज व्होल्टेज थोडं वाढवलं, गोठलं. आणखी वाढवलं, लवकर गोठलं. कूलर काढला, पेस्ट पुसली, नवी लावली. मोडलाच तो नियम, पाच वेळा मोडला. पाचव्यांदा नळी दाबताना मनगट थरथरलं आणि पेस्ट बोर्डवर सांडली. तिथेच जमिनीवर बसून रडले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की नंबर वेगळा असेल, चोरी झाली असेल, पण तू जे म्हणालास तेही खरंच असेल. हात गेलाच असेल. तू चोर असणं आणि मी संपलेली असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की. चोरीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग डोळे पुसले आणि कामावर गेले. दुपारी दोन नंबरचा कॉम्प्रेसर तापून बंद पडला. नवा माणूस प्रेशर वाढवत होता. मी शिक्का खाली ठेवला आणि आत गेले. तीन वर्षांनी. पाइपावर हात ठेवला. त्याला म्हटलं, अरे थांब, वाढवतोस काय.

आणि तिथेच उभ्या उभ्या मला घरच्या मशीनचं कळलं.

■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■

(या चार ओळी मी नंतर काळ्या केल्या. खास तुझ्यासाठी.)

संध्याकाळी घरी आले, चप्पलही काढली नाही. पाचवी पायरी. सहावी. तासभर पळवलं, तोतया हूं की चूं करेना. मनगट तेच, टाक्यांचे व्रण तेच. थरथरतं, हो, थकलं की थरथरतं. पण त्याचा मशीनशी काही संबंध नव्हता. कधीच नव्हता.

आता ये तू.


२३ मार्च
(हे टाकतेय, वरची सगळी सोबत जोडून.)

पाकीट जाड का आहे ते एव्हाना कळलं असेल. मी तुला लिहिलेलं सगळं तुला मिळायला हवं, टाकलेलं आणि न टाकलेलंही. काल सभागृहात तू मला विचारलंस, "हे सगळं कधीपासून ठरवलं होतंस?" तारखा बघ.

तू आलास तेव्हा मी आधी तुझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं. एकोणचाळिसावा आणलाय की नाही? तू मशीन सुरू केलंस, पडद्यावर प्रोसेसरचं नाव आलं, जुनं मॉडेल. दुकानदाराचा नवा घरी ठेवून आलास. मावशीच्या मागे राहायचं नव्हतं ना तुला? मला वाटलं होतंच, तुझी शेखी तुला घेऊन येईल.

ताई पुढच्या रांगेत बसली होती, तुझं जाकीट मांडीवर घेऊन. ते मला ठाऊक नव्हतं. ती येणार हे तू कळवलं नव्हतंस. तिने मला हात केला, मीही केला.

पुढचं तू पाहिलंसच. तू पहिला, मी दुसरी, फरक इतका थोडा की काकांनी आकडा दोनदा वाचला. ते कौतुकाने माझ्याकडे बघत होते. तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "मावशी, कमाल केलीस, त्या भाजक्या चिपवर!" आणि मी हात वर केला आणि म्हटलं, नियम अकरा.

 पैशांचं पाकीट मी आधीच बरोबर आणलं होतं. तू हसलास, म्हणालास, "अगं मागितलं असतंस तर असंच दिलं असतं." टाळ्याही मिळाल्या तुला त्यावर. मग काकांनी नोटा मोजल्या, सही घेतली आणि मशीन माझं झालं. मी तिथेच स्क्रू-ड्रायव्हर काढला. तुझा चेहरा तेव्हा उतरला. पण तू सावरलास, कारण तुला माहीत होतं मला काय दिसणार आहे.

कूलर काढला. पेस्ट पुसली. खाली नुसतं लाल तांबं, आरशासारखं घासलेलं. नंबराचा मागमूस नाही. "थंड राहावा म्हणून घासलाय, सगळेच घासतात," तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास. खरंच आहे, घासतात. एक क्षण मला वाटलं, हरले. तीन महिने, एवढे पैसे, सगळं पाण्यात.

मग मी तुला फक्त एक प्रश्न विचारला. "याच्या आतल्या चार कोअरपैकी जास्त तापणारा कुठला?"

दोन वर्षं तू त्याच्यावर जिंकलास. व्हिडिओत त्याला कुरवाळलंस. आणि तू म्हणालास, "पहिला. बहुतेक पहिलाच." ऑटोमॅटिक सेटिंगवर पळवत होतास ना, कधी बघायची वेळच आली नसेल.

मी काकांना वही दिली. पान एकोणचाळीस. ते त्यांनी मोठ्याने वाचलं: "तिसरा कोअर जन्मापासून इतरांपेक्षा सात अंश गरम. सहाव्या पायरीनंतर नऊ. बाकी उत्तम. मावशीने टाळ्या वाजवल्या." आणि मग काका थांबले, चष्म्यावरून तुझ्याकडे बघत म्हणाले, "हे अक्षर तुझं आहे ना? तुझ्या अर्जावर असंच आहे."

अक्षर तुझंच. मी सांगायचे, तू लिहायचास. लिहिलंस आणि विसरलास. मी विसरले नव्हते.

मी नवी पेस्ट लावली, सगळ्यांसमोर, उजव्या हाताने. मशीन सुरू केलं. तिसरा कोअर सात अंश वर. सहावी पायरी ओलांडली, नऊ. त्यानंतर मी त्याला तुझ्या विक्रमाच्या पुढे दोन पायऱ्या नेलं, ते मात्र हौसेखातर.

तेव्हाही तू गप्प राहिला असतास तर बरं झालं असतं. पण तुझं तोंड! "मावशीनेच दिला होता मला," म्हणालास. "मी निघालो तेव्हा. भेट म्हणून."

आणि ताई उठली. तिला काहीच माहीत नव्हतं रे. ती काही तुझ्याविरुद्ध बोलायला उठली नाही, तिला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, "पण तू तर मला सांगितलंस तो जळला म्हणून. मी तिला दवाखान्यातून आणलं तेव्हा ती तुझ्यासमोर रडत होती, आणि तू तिला पाणी दिलंस."

 ताईने तुझं जाकीट खुर्चीवर ठेवलं आणि ती बाहेर गेली.

ते मला नको होतं. तुझी फजिती हवी होती, ताईची नको होती. सकाळपासून तीन वेळा फोन केला, उचलत नाही. तुझाही उचलत नसेल. तिच्यासमोर परत हे करावं लागलं तर करशील का, असं मी रात्रभर स्वतःला विचारलं. करीन. वाईट वाटेल आणि करीन.

पंचांनी तुझी दोन वर्षांची बक्षिसं काढून घ्यायची ठरवलीत, दुकानदारानेही हात वर केलेत असं कळलं. माझ्याकडून कसलीही तक्रार गेलेली नाही. गरज पडली नाही. मी आज सकाळी साहेबांना बदलीचा अर्ज दिला, टेबलावरून परत कॉम्प्रेसरवर. त्यांनी विचारलं, हाताचं काय? मी म्हटलं, हाताला काही झालेलंच नव्हतं.

या पाकिटात खाली स्पंजमध्ये गुंडाळून तोतया ठेवलाय. तो तुझा. तू माझ्याकडे ठेवलेला, मी परत करतेय. दुसऱ्या क्रमांकाचा प्रोसेसर आहे, जपून वापर. त्याचा नंबर शाबूत आहे.

त्याला बसव, आणि चढव एकेक पायरी. चौथीला गोठेल. तू व्होल्टेज वाढवशील, तरी गोठेल. पेस्ट बदलशील, पंखे बदलशील, बोर्ड बदलशील. वाट आहे, मला सापडलीय, ती त्या चार काळ्या ओळींत आहे. उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, दोन्ही बाजूंनी शाई फिरवलीय.

मग एक दिवस तू हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवशील आणि तुला पहिल्यांदा वाटेल की दोष मशीनचा नाही, आपल्याच हातात काही राहिलेलं नाही. ते वाटणं कुणाला सांगू नकोस. तसंच तीन वर्षं उराशी धर आणि रोज कामावर जा.

मग ये. दार उघडीन.

मावशी